बूट, बोट आणि ‘काही बदलणार नाही’

गेला शनिवार रिलीजने खाल्ला आणि त्याच्या आधीचा मामेभावाच्या लग्नाने. त्यामुळे आज जरा लांबण लागणार आहे. शिवाय मी चिडलेलो आहे. तेव्हा चहा घेऊनच बसा.

चिडायचं कारण म्हणजे एक वाक्य. मागच्या महिन्यात आमची कंपनी विकली गेली. (कोणी घेतली, केवढ्याला घेतली ते इथे लिहिणार नाही, घराचे हप्ते चालू आहेत.) टाउनहॉलमध्ये नव्या मालकांचे साहेब स्क्रीनवर आले, छान हसले आणि म्हणाले, "तुमच्यासाठी काहीच बदलणार नाही." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. पण वाजवताना मला मिशिगनमधला एक म्हातारा बोटींचा डीलर आठवत होता. हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या वेळा ऐकलंय की त्याने त्याची फाईल केली आहे. खरीखुरी, पुठ्ठ्याची. त्याच्याबद्दल पुढे सांगतोच.

आधी माझा आणि बोटींचा संबंध. मला पोहता येत नाही. बोट म्हटली की गेटवे ते मांडवा, तेही डोळे क्षितिजावर लावून, कारण पोटात ढवळतं. पण गेली पाच वर्षं मी हिंजवडीत चौथ्या मजल्यावर बसून अमेरिकेतल्या बोटींच्या डीलरांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. दुकानातला स्टॉक, वर्कशॉपची जॉबकार्डं, सुटे भाग, वॉरंटी क्लेम. यातलं वॉरंटी क्लेमचं मॉड्यूल माझ्या गळ्यात आहे. समुद्र पाहिला नसला तरी समुद्राच्या तक्रारी मी रोज वाचतो.

इथे बोट म्हणजे यॉट नव्हे हं. पंधरा ते तीस फुटी, फायबरग्लासची, ट्रेलरवर टाकून पिकअपच्या मागे ओढत न्यायची. तिकडचा साधा नोकरदार माणूस ती कर्जावर घेतो, शनिवारी तळ्यात सोडतो, मासे धरतो, पोरांना दोरीने पाण्यावर ओढतो आणि रविवारी संध्याकाळी अंगणात आणून उभी करतो. या बोटी बनवणारे बरेचसे कारखाने एकेका कुटुंबाने एकेका आडगावात सुरू केलेले. विकणारे डीलर त्याहून लहान. बापाने दुकान काढलं, मुलगा चालवतोय, सून हिशेब बघतेय, या छापाचे. आपल्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानांसारखेच, फक्त दुपारी झोपत नाहीत :)

आता मालकीबदल म्हणजे काय चीज असते ते बघा.

बॉस्टन व्हेलर नावाची एक बोट आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या डिक फिशर या गृहस्थाने १९५८ साली ती बाजारात आणली. हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकलेला माणूस, आणि काढली १३ फुटी बोट! आकार ठरवण्यात रे हंट या नामवंत डिझायनरचा हात. गंमत तिच्या बांधणीत आहे. बाहेरचं कवच आणि आतलं कवच साच्यांत एकमेकांवर घट्ट आवळून बसवतात आणि मधल्या पोकळीत फोम ओततात. फोम फुगतो, कडक होतो, दोन्ही कवचांना धरतो आणि सगळं मिळून एकच वस्तू होते. त्यामुळे ही बोट बुडत नाही. मे १९६१च्या ‘लाइफ’ मासिकात याचे फोटो आले. फिशरसाहेब सूट घालून बोटीत बसलेत, बोट मधोमध करवतीने कापली जातेय, आणि कापून झाल्यावर साहेब मागच्या अर्ध्या तुकड्यातून इंजिन लावून चालते झालेत. आपण पॉवरपॉइंट करत बसतो!

तर १९६९ साली फिशरने कंपनी सीएमएल ग्रुपला विकली. वीस वर्षांनी, १९८९ मध्ये, सीएमएलने ती रिबॉकला विकली. हो, तेच रिबॉक. बूटवाले. बुटांच्या कंपनीने बोटींची कंपनी घेतली. मराठी माणसाला वाटावं फोनवर कोणीतरी चुकीचं ऐकलं. चार-पाच वर्षांत रिबॉकला कळलं की आपले बूटच बरे, आणि बोट गेली मेरिडियन स्पोर्ट्सकडे, म्हणजे रॉन पेरेलमन या बड्या धनिकाच्या गोतावळ्यात. तिथूनही १९९६ मध्ये ती ब्रन्सविककडे आली. ब्रन्सविक मुळात बिलियर्डची टेबलं आणि बोलिंग यांवर मोठी झालेली, पण बोटींना लागणारी मर्क्युरी इंजिनं १९६१ पासून त्यांच्याच घरची, त्यामुळे निदान पाण्याची ओळख होती.

१९८९ ते १९९६. सात वर्षांत चार मालक पाहिले या बोटीने. मधल्या मध्ये उत्पादन मॅसॅच्युसेट्समधल्या रॉकलंडहून उचलून फ्लोरिडातल्या एजवॉटरला गेलं. थंडीतल्या कारागिरांचे हात सुटले, उन्हातले नवे आले.

एमबीए झालेला माझा एक मित्र हीच गोष्ट उलटी सांगतो. "बघ, एवढे मालक झाले तरी ब्रँड टिकला. म्हणजे मालक बदलल्याने काही फरक पडत नाही." मला हे ऐकून राग येतो, कारण यात एक साधी गोष्ट तो बघतच नाही. ब्रँड टिकला, पण तो टिकवला कोणी? बूटवाल्यांनी?

अमेरिकेत १९७२ पासून प्रत्येक बोटीच्या मागच्या फळीवर, उजव्या अंगाला वर, बारा अक्षरी नंबर असतो. हल आयडेंटिफिकेशन नंबर. पहिली तीन अक्षरं कारखान्याची, मग अनुक्रमांक, मग बांधणीचा महिना-वर्ष आणि मॉडेलचं वर्ष. बॉस्टन व्हेलरची तीन अक्षरं बीडब्ल्यूसी. त्या नंबरात मालकाला जागाच नाही! बोटीला फक्त ती कुठे आणि कधी जन्मली ते माहीत. मालक कोण ते माझ्या डेटाबेसमध्ये वेगळ्या टेबलात असतं. कोट्यवधी डॉलर्सचा सौदा, वकिलांच्या फौजा, पेपरात फोटो, आणि शेवटी माझ्याकडे येतं काय, तर एका ओळीतला एक कॉलम बदल. एक अपडेट क्वेरी. व्हेअर क्लॉज विसरायचा नाही, बास. रात्री साडेअकराला चालवली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतं ते डीलरचं.

त्याची परिस्थिती समजायची तर दुकानातल्या बोटी कोणाच्या हे समजलं पाहिजे. त्याच्या नसतात. त्या कर्जावर असतात. याला ते फ्लोअर प्लॅन म्हणतात. कारखान्यातून बोट निघाली की फायनान्स कंपनी कारखान्याला पैसे चुकते करते. कारखान्याच्या वहीत विक्री झाली! डीलरच्या अंगणात बोट उभी राहते आणि तिच्यावर व्याज सुरू होतं. सुरुवातीचे काही महिने बऱ्याचदा कारखाना व्याजाचा भार उचलतो, नंतर सगळं डीलरवर. ठरावीक महिन्यांत नाही विकली तर मुद्दलही थोडं थोडं फेडायला लागतं. सीझन म्हणाल तर उन्हाळ्याचे तीन-चार महिने. म्हणजे शेतकऱ्यासारखंच, पेरणी उधारीवर आणि डोळे आभाळाकडे.

आता ही फायनान्स कंपनी एवढी उदार का? कारण कारखान्याने तिला लिहून दिलेलं असतं की डीलर बुडाला तर न विकलेल्या बोटी आम्ही परत घेऊ. सगळा डोलारा या परतीच्या वचनावर उभा आहे. आणि वचन देणाराच विकला गेला किंवा बुडाला की बँकवाल्याचा फोन डीलरला येतो, "जरा बोलायचं होतं." २००८च्या अखेरीस टेक्स्ट्रॉनने या कर्जांच्या धंद्यातून अंग काढून घेतलं तेव्हा डीलरचं काहीही न चुकता त्याच्या पायाखालची जमीन सरकली. राहिलेल्यांत मोठी होती ती जीई, आणि २०१६ मध्ये जीईनेही आपला हा व्यवसाय वेल्स फार्गोला विकला. म्हणजे बोट बनवणारा बदलतो, इंजिन बनवणारा बदलतो, उसने पैसे देणाराही बदलतो. न बदलणारा माणूस एकच, आणि त्यालाच सगळे सांगतात काही बदलणार नाही.

बॉस्टन व्हेलर निदान बुडत तरी नाही. फोर विन्सची गोष्ट ऐका. मिशिगनमध्ये कॅडिलॅक नावाचं गाव आहे (गाडी नव्हे, गाव), तिथला विन कुटुंबाचा कारखाना. १९८६ साली तो आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने, म्हणजे ओएमसीने, घेतला. ओएमसी म्हणजे जॉन्सन आणि एव्हिनरूड या इंजिनांची थोरली कंपनी. त्या वर्षी ब्रन्सविकने बेलायनर आणि सी रे हे दोन मोठे बोटवाले पाठोपाठ उचलले होते. शेजाऱ्याने फ्रिज घेतला, मग आपणही घेऊ. इंजिन विकायचं तर ते ज्याच्यावर बसतं ती बोटही आपलीच हवी, हा हिशेब. ओएमसीने एकामागून एक बोटवाले गोळा केले, १९८९ मध्ये क्रिस-क्राफ्टसारखं जुनं घराणंसुद्धा.

मग १९९७ मध्ये ओएमसीच विकली गेली. घेणाऱ्या गटात जॉर्ज सोरॉसच्या फंडाचा पैसा होता. त्याच सुमाराला फिच नावाच्या नव्या फ्युएल इंजेक्शनची इंजिनं बाजारात आली होती आणि ती पहिल्या काळात फार बिघडत होती. बिघडलेलं इंजिन कोणाच्या दारात येतं? सोरॉसच्या नाही. २२ डिसेंबर २००० रोजी, नाताळ तीन दिवसांवर असताना, ओएमसीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कामगार घरी. डीलरांच्या अंगणात इंजिनं आणि बोटी, आणि कंपनीत फोन उचलायला कोणी नाही.

२००१ मध्ये वाटणी झाली. इंजिनं बॉम्बार्डियरकडे, बोटी जेनमारकडे. जेनमारचा मालक अर्विन जेकब्ज, वॉल स्ट्रीटवर याचं टोपणनाव होतं ‘अर्व द लिक्विडेटर’. अशा नावाचा माणूस आपला नवा मालक झालाय हे कॅडिलॅकच्या डीलरांनी कसं घेतलं असेल याचा विचार करून मला आजही हसू येतं. १ जून २००९ रोजी जेनमार दिवाळखोरीत. सीझनच्या ऐन तोंडावर! २०१०च्या सुरुवातीला फोर विन्स प्लॅटिनम इक्विटीकडे, २०१४ मध्ये फ्रान्सच्या बेनेटोकडे.

मोजा. १९८६, १९९७, २००१, २०१०, २०१४. अठ्ठावीस वर्षांत पाच बदल आणि दोन दिवाळखोऱ्या. एखाद्या मुलीचं नाव इतक्या वेळा बदललं असतं तर घरात कोणी हाक मारली तरी तिने ओ दिली नसती.

इंजिनांचं काय झालं विचाराल तर तेही सांगतो. बॉम्बार्डियरने २००३ मध्ये हा सगळा खेळण्या-फिरण्याच्या गाड्यांचा विभाग विकला, त्याची बीआरपी झाली, आणि मे २०२० मध्ये बीआरपीने एव्हिनरूड बनवणं बंद केलं. ओल एव्हिनरूडने १९०९ मध्ये काढलेलं इंजिन. सुटे भाग आणि वॉरंटी चालू ठेवू असं बीआरपीने सांगितलं, ते बरं केलं. पण ज्या डीलरने वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला "एव्हिनरूडच घ्या" म्हणून सांगितलं होतं, त्याला त्या दिवशी गावात कोणत्या तोंडाने फिरावं लागलं असेल?

इथपर्यंत इतिहास होता. आता माझं पाप.

कारखाना विकायचे दोन रस्ते असतात. एक, कंपनीचे शेअर घ्यायचे, म्हणजे घराबरोबर घरावरचं कर्जही येतं. दुसरा, फक्त मालमत्ता घ्यायची. साचे, नाव, इमारत, डीलरांची यादी. दिवाळखोरीत तर कलम ३६३ खाली मालमत्ता जुन्या देण्यांपासून मोकळी करून विकता येते. जुन्या मालकाच्या काळात विकलेल्या बोटींची वॉरंटी ही त्या देण्यांपैकीच एक. नवा मालक कधी ती सगळी घेतो, कधी अर्धीमुर्धी, कधी हात वर करतो. सगळं कायदेशीर. म्हणजे ज्या नावावर विश्वास ठेवून तुम्ही बोट घेतली ते नाव त्याने घेतलं, पण त्या नावाने दिलेला शब्द नाही घेतला.

आमच्या एका ग्राहक कंपनीने असाच एक बोटींचा ब्रँड घेतला. नाव सांगत नाही. माझ्याकडे रिक्वायरमेंट आली ती दोन ओळींची. सौद्याच्या तारखेआधी विकलेल्या बोटीचा क्लेम आला की सिस्टिमने तो आपोआप नाकारावा. संदेश, ‘अपात्र’. मी एक इफ कंडिशन लिहिली. टेस्ट केस लिहिल्या. सौद्याच्या दिवशीच विकलेली बोट धरायची की नाही, असा प्रश्नसुद्धा विचारला आणि "गुड कॅच" म्हणून शाबासकी मिळवली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं.

सहा आठवड्यांनी सपोर्टने एक कॉल माझ्याकडे वळवला. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. मिशिगनमधल्या एका तळ्याकाठचा डीलर. आवाजावरून सत्तरीचा. म्हणाला, तुमच्या सिस्टिममध्ये बग आहे. एका निवृत्त नर्सची बोट होती. मागच्या फळीला, जिथे इंजिन टांगलेलं असतं, चीर गेलेली. काम चार हजार डॉलरच्या आसपासचं. क्लेम भरला की अर्ध्या सेकंदात ‘अपात्र’. मी नंबर टाकून पाहिलं. बोट विकली गेली होती सौद्याच्या अकरा दिवस आधी.

मी म्हटलं, "सर, बग नाही. ते असंच आहे."

"कोणी ठरवलं?"

"रिक्वायरमेंट होती."

"मग लिहिलं कोणी?"

आता काय सांगू? म्हटलं, "मी."

म्हातारा हसला. खरंच हसला. म्हणाला, "तू पहिला भेटलास. मी सहा आठवडे त्या कंपनीत ‘मी’ म्हणणारा माणूस शोधतोय."

मग तो अर्धा तास बोलला. कॉल-टाइमचं माझं टार्गेट गेलं खड्ड्यात. दुकान त्याच्या बापाचं. मालक बदलला की पत्र येतं आणि प्रत्येक पत्रात ते वाक्य असतं. ती पत्रं त्याने फाईलला लावून ठेवलीत. आणि पत्र आलं की तो काय करतो तेही सांगितलं. पुढच्या सीझनच्या बोटी कमी मागवतो. त्या ब्रँडचे, आणि फक्त त्याच ब्रँडचे, जे भाग असतात ते मिळेपर्यंत भरून ठेवतो, सगळ्यात आधी पुढच्या काचा, कारण इंजिनचे भाग कुठेही मिळतात पण बंद पडलेल्या मॉडेलची वाकवलेली काच जगात कुठे मिळत नाही. दुसऱ्या एका ब्रँडशी बोलणं सुरू करतो. हिवाळ्यात बोटी आपल्या शेडमध्ये ठेवून घेण्याचं, त्या झाकून-बांधून द्यायचं, इंजिनातलं पाणी काढून थंडीसाठी तयार करायचं काम वाढवतो, कारण त्या पैशाला कारखान्याचा मालक कोण याच्याशी देणंघेणं नसतं. "मी बोटी विकतो म्हणून नाही टिकलो," म्हणाला, "मी बोटी झोपवतो आणि उठवतो म्हणून टिकलो."

नर्सच्या बोटीचं काय, असं मी शेवटी विचारलं. सामान तिचं आणि मजुरी माझी, असं ठरवलंय म्हणाला. नवीन मालकाकडून शून्य.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि दोरी मी वळून दिली होती.

आता माझा एमबीए मित्र म्हणेल, धंदा आहे, जोखीम आलीच, डीलर काही धर्मादाय करत नाही, नफा घेतो ना? घेतो. आणि जोखीमही घेतो. पाऊस, पेट्रोलचे भाव, मंदी, गिऱ्हाइकाची नोकरी, ही सगळी त्याची जोखीम आणि तिच्याबद्दल त्याची तक्रार नाही. पण मिनिआपोलिसच्या किंवा लॉस एंजेलिसच्या कुठल्या तरी खोलीत कोणी तरी सह्या केल्या ही त्याची जोखीम कशी? सही करणाऱ्याला त्या सहीचे पैसे मिळतात. डीलरला तिचं बिल. बरं, त्याच्याकडे करारही कसला असतो? बहुतेक ठिकाणी एका मॉडेल-वर्षापुरता, जुलै ते जून. नव्या मालकाला तो नको असेल तर काढायचीही गरज नाही, नूतनीकरण केलं नाही की झालं. तिकडच्या मोटारींच्या डीलरांना राज्याराज्यांच्या कायद्यांचं बऱ्यापैकी कवच आहे, बोटवाल्यांचं ते फारच पातळ. आपल्याकडे २०१७ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोले विकणं थांबवलं तेव्हाची शोरूम आठवतात का? तळेगावचा कारखाना आपल्या डोळ्यांसमोर. गाडीवाल्यांची ती गत, तर तळ्याकाठच्या बोटवाल्याला कोण विचारतो!

दुसरा मुद्दा तो बरोबर मांडतो, तो मला मान्य करायलाच हवा. घेणारा आला नसता तर ब्रँड मेलाच असता. खरं आहे. २००९ मध्ये जेनमारला घेणारा मिळाला नसता तर कॅडिलॅकचा कारखाना कुलूपबंद झाला असता आणि मग अपात्र म्हणायलाही कोणी उरलं नसतं. क्रिस-क्राफ्ट तर चांगलंच उदाहरण. ओएमसी बुडाल्यावर २००१ मध्ये ते जेनमारमार्गे स्टीफन ज्युलियसच्या स्टेलिकनकडे गेलं. या माणसाने आधी इटलीची रिवा सावरली होती आणि नंतर इंडियन मोटरसायकलही घेतली. क्रिस-क्राफ्ट त्याने नीट उभं केलं आणि २०१८ मध्ये विनेबागोला विकलं. सतरा वर्षं थांबला. सतरा वर्षांत डीलरला एक अख्खी पिढी गिऱ्हाईक करता येतं.

आणि बॉस्टन व्हेलरचंही तेच. ब्रन्सविकने १९९६ मध्ये घेतली ती आजतागायत विकलेली नाही. त्या बोटीचं भलं मालक बदलल्याने झालं नाही हो, मालक बदलायचे थांबल्याने झालं! मधल्या सात वर्षांत ती ज्यांनी सांभाळली ते गावोगावचे डीलर. पंचवीस वर्षं जुन्या बीडब्ल्यूसी नंबराची बोट दारात आली तर "आता आमचा मालक वेगळा" असं न म्हणणारे.

अर्थात ब्रन्सविकही काही संत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की सी रे विकायची आहे. सहा महिने डीलरांचा जीव टांगणीला. ऐन खरेदीचा मोसम, बोट शोसमध्ये गिऱ्हाईक विचारतंय "तुम्ही विकताय म्हणे?" मग जून २०१८ मध्ये म्हणाले, मनासारखी किंमत येत नाही, नाही विकत, पण मोठ्या यॉट बनवणं बंद करतो. म्हणजे मालक बदललाच नाही, नुसता बदलेल असं म्हटलं, तरी व्हायचं ते झालं.

मोठे डीलर यातून शहाणे झाले. मरीनमॅक्स ही १९९८ मध्ये सी रेचे बरेच डीलर एकत्र करून झालेली कंपनी. तिने २०२१ मध्ये क्रूझर्स यॉट्स आणि इंट्रेपिड हे दोन बोट बनवणारेच विकत घेतले. मालक बदलण्याची भीती वाटते? मग आपणच मालक व्हा! उपाय झकास आहे, पण तो शेअर बाजारात असलेल्यांसाठी. माझ्या म्हाताऱ्याने काय घ्यायचं? पुढच्या काचा.

मला विचाराल तर सौदे थांबवा असं माझं म्हणणंच नाही. माझं मागणं फार लहान आहे. जो नाव घेतो त्याने त्या नावाचा शब्दही घ्यावा. निदान मागच्या तीन-चार वर्षांच्या बोटींच्या वॉरंटीइतके पैसे सौद्यातूनच बाजूला काढून ठेवावेत, वकिलांची फी निघते तिथूनच. डीलरचा करार एका उन्हाळ्याचा नसावा. न विकलेल्या बोटी परत घ्यायचं वचन नव्या मालकाने सौद्याच्या दिवशीच नव्याने लिहून द्यावं, बँकेने फोन करायच्या आत. यातलं काहीही अवघड नाही. अवघड असतं तर इतक्या पत्रांत ‘काही बदलणार नाही’ लिहायला जमलं नसतं.

आमच्याही नव्या मालकांकडे मी टाउनहॉलच्या शेवटी एक प्रश्न पाठवला होता, सपोर्टचे जुने करार कोण पाळणार म्हणून. वेळ संपला म्हणे. मॅनेजर नंतर कॉफी मशीनपाशी म्हणाला, "अरे, तुला काय करायचंय? आपला पगार होतोय ना?" होतोय. एक तारखेलाच झाला.

या रिलीजमध्ये मी एक बदल केला. तारखेच्या आधीचा क्लेम आला की आता नुसतं ‘अपात्र’ येत नाही. ‘ही बोट आधीच्या मालकाच्या काळात विकली गेली आहे, सध्याच्या मालकाने तिची वॉरंटी स्वीकारलेली नाही’ असं पूर्ण वाक्य येतं. म्हणजे डीलरला निदान तो स्क्रीन गिऱ्हाइकाला दाखवता येईल. कोड रिव्ह्यूमध्ये प्रॉडक्टवाल्यांनी ते वाक्य काढायला लावलं, टोन निगेटिव्ह वाटतो म्हणून. मंगळवारी काढलं. शुक्रवारी परत घातलंय, मर्ज झालंय. सोमवारी बघू काय होतं ते.